मदत हवी आहे: खिशातल्या जीपीएसचा बाण भलतीकडे दाखवतोय (हरिश्चंद्रगड, शनिवारी निघतोय)

धुकेवाट: शनिवारी पहाटे निघायचंय, त्यामुळे जाणकारांनी लवकर सांगावे. परतीची जागा दाखवणारं खिशातलं जीपीएस घेतलंय. खूण केली, फेरी मारून आलो, तर मी त्याच जागी उभा आणि यंत्र म्हणतंय १४० मीटर! बाणही भलतीकडे. सेल दोनदा बदलले. यंत्र बदलून मागू का? धुक्यात कोकणकड्यावरून देवळापाशी परत यायला हेच वापरणार आहे. धुक्याने सिग्नल जातो का, तेही सांगा.

कातळपाय: मॉडेल कुठलं? खूण मोकळ्यावर केलीत का? चालू केल्यावर किती वेळ थांबलात? सॅटेलाइटचं चिन्ह लुकलुकत होतं की स्थिर होतं?

रानमेवा: पायथ्याच्या पाचनई गावातून वाटाड्या घ्या, विषय संपला. त्याला धुक्यातही पायाखालची वाट कळते.

धुकेवाट: वाटाड्याचं विचारलेलं नाही हो. नाव पुसलं गेलंय, मित्राकडून घेतलंय. दोन बटणं, तीन खुणा: घर, गाडी, चांदणी. चालू केलं आणि पार्किंगमध्ये गाडीपाशी लगेच बटण दाबलं. चिन्ह बघितलं नाही.

कातळपाय: पार्किंग म्हणजे बिल्डिंगखालचं?

धुकेवाट: हो. मग?

कातळपाय: मग यंत्र बदलू नका, चाचणीची जागा बदला. वर स्लॅब, म्हणजे आकाश नाही. जे थोडे सिग्नल येतात ते समोरच्या भिंतीवर आपटून येतात आणि जागा शंभर-दीडशे मीटर सहज सरकते. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर त्याला आधी प्रत्येक उपग्रहाची कक्षेची माहिती उतरवून घ्यावी लागते. उपग्रह ती दर ३० सेकंदांनी पाठवतो, मध्येच सिग्नल तुटला की पुन्हा पहिल्यापासून. निदान चार उपग्रह असे हवेत. मैदानात जा, चालू करून उघड्यावर धरा, चिन्ह स्थिर झाल्यावरही दोन मिनिटं थांबा, मग खूण करा. मोकळ्यावर ३ ते ५ मीटरची चूक धरून चाला.

धुक्याने काही होत नाही, जीपीएसच्या लहरी ढगातून आरपार येतात. अडवतो तो कडा आणि दाट ओली झाडी. पाचनईच्या वाटेवर रेलिंग लावलेल्या पुढे झुकलेल्या कातळाखाली अर्धं आकाश झाकलेलं असतं, तिथे खूण करू नका.

सह्यकडा: बाणाचं कारण वेगळं आहे. पार्किंगमध्ये सळया आणि शेजारी गाडीचं लोखंड, यंत्रातला कंपास (होकायंत्र) फिरणारच. सेल बदलले की कंपास पुन्हा जुळवावा लागतो: यंत्र हातात धरून हवेत आडवा इंग्रजी आठ (8) काढा, तीन-चार वेळा, आणि बाण बघताना यंत्र सपाट धरा. काही यंत्रांत कंपासच नसतो, उदाहरणार्थ गार्मिनचं ईट्रेक्स १०. तसलं असेल तर उभं राहून बाण बघण्यात अर्थ नाही, सरळ पंधरा-वीस पावलं चाला, मग दिशा येते.

ट्रॅकवाला: इतका खटाटोप कशाला? मोबाइलवर ओस्मअँड हे नकाशाचं अ‍ॅप टाका, नकाशा घरीच उतरवून घ्या, ट्रॅक (चाललेल्या वाटेची नोंद) चालू करा आणि एअरप्लेन मोडवर ठेवा. जीपीएस तरीही चालतं. आलात त्याच रेघेवरून परत.

सह्यकडा: पावसात ओल्या बोटांनी मोबाइलचा पडदा चालवून दाखवा आधी. बटणाचं यंत्र रेनकोटच्या हातमोज्यातही चालतं.

ट्रॅकवाला: पण तीन ठिपके म्हणजे वाट नव्हे. ते यंत्र सरळ रेघ दाखवतं.

कातळपाय: हा मुद्दा ट्रॅकवाल्यांचा खरा, आणि सगळ्यात महत्त्वाचा. देवळापासून ‘गाडी’चा बाण धरून निघालात तर तो कड्यावरून थेट पाचनईकडे दाखवेल. तीन खुणा अशा वापरा: ‘गाडी’ गावात, निघण्याआधी, आणि तिचा बाण कातळ उतरून खाली आल्यावरच बघायचा. ‘घर’ देवळाबाहेर मोकळ्यावर. ‘चांदणी’ कोकणकड्याकडे जाताना जिथे वाट फुटते किंवा ओढा ओलांडता तिथे. परतताना आधी चांदणी, तिथे पोचल्यावर घर. खूण करायचं (मार्कचं) बटण अशा बऱ्याच यंत्रांत जास्त वेळ दाबलं गेलं तर जुनी खूण न विचारता पुसली जाते, म्हणून खिशात सैल ठेवू नका. आणि ट्रॅक मोबाइलवर घ्याच. दोन्ही ठेवा.

टोपोशीट: जुन्या सर्वेक्षण नकाशावरून अक्षांश-रेखांशाचे आकडे घेऊन यंत्रात टाकू नका. तो पृथ्वीच्या आकाराच्या ‘एव्हरेस्ट’ या जुन्या मोजमापावर बेतलाय, जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ या वेगळ्या मोजमापावर. शंभरेक मीटरचा फरक पडतो. आणि १९ अंश २३.४ मिनिटं म्हणजे १९.३९० अंश. तुम्ही १९.२३४ टाकलंत तर खूण सतरा किलोमीटर दक्षिणेला जाते.

धुकेवाट: यंत्रात आकडे टाकताच येत नाहीत.

नभचर: सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र नेऊ नका, परवान्याशिवाय भारतात बेकायदा आहे. विमानतळावर पकडतात.

धुकेवाट: ते नाहीये माझ्याकडे. मैदानात जाऊन आलो. चिन्ह स्थिर झाल्यावर दोन मिनिटं थांबलो. शंभर पावलं जाऊन परत आलो तर अंतर ४ मीटर. आठही काढला. बाण मात्र अजून पाव फेरा चुकतोय!

सह्यकडा: यंत्र कशाला अडकवलंय?

धुकेवाट: सॅकच्या छातीच्या पट्ट्याला, मोबाइलच्या पाऊचशेजारी.

सह्यकडा: पाऊचचं झाकण चुंबकाने बंद होतं?

धुकेवाट: हो! पाऊच कमरेला नेलं, पुन्हा आठ काढला. बाण बरोबर, खूण केलेल्या गोलपोस्टवर. दोघांचे खूप आभार. पाचनईत ‘गाडी’च्या खुणेसाठी पाच मिनिटं वेगळी ठेवतोय.

रानमेवा: वाटाड्याचा विचार तरी करा.