आपल्याच माणसाला फॉरवर्ड खरे वाटतात तेव्हा... अनुभव सांगा

काल कपाट आवरताना बाबांचं लसीचं सर्टिफिकेट सापडलं, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं. २०२१ चा एप्रिल आठवला. लसीतून चिप घालतात, ५जीच्या टॉवरनं कोरोना होतो, हे बाबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आपल्याकडे ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला! मी महिनाभर भांडले. ते ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायला लागले. एका रात्री भांडण सोडून नुसतं विचारलं, "बाबा, भीती कसली वाटते?" म्हणाले, "फिरायला यायचा तो गेला ना, लस घेतल्यावर आठच दिवसांत." मित्राला आधीपासून हृदयाचा त्रास होता, पण मी ते बोलले नाही. बसून राहिले.

केंद्रावर सिस्टरनी कुपी दाखवली. एकीत दहा डोस, प्रत्येकाला अर्धा मिली. बाबा म्हणाले, "दहा जणांना एकाच बाटलीतून? मग माझी चिप कुठली हे त्यांना कळणार कसं?" आणि बाही वर केली.

तुमच्या घरचं लिहा.

कोकणची मैना: बाबांना नमस्कार सांग गं 😄 आमच्या सासूबाई २००० ची नोट पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, चिपला रेंज मिळू नये म्हणून. आलेच, कुकर झाला.

साक्रीकर: राईनपाडा आमच्याच तालुक्यात, धुळे जिल्हा. १ जुलै २०१८, आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी, भिक्षा मागायला आलेले. पोरं पळवणारे समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. मोटारसायकलवाले पोर उचलून नेतात असा व्हिडिओ तेव्हा फिरत होता, माझा धाकटा भाऊपण तोच पाठवत होता. मूळ व्हिडिओ कराचीचा, मुलांना जपा सांगणारा. त्यात ते पोराला परत आणून सोडतात, तेवढंच कापलेलं. पूर्ण दाखवला तर भाऊ दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून काही आलं की आधी मला दाखवतो.

दुपारचा चहा: 🙏 वाचून हात थरथरले.

आजीची नात: मावशीनं शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. कंपन्या खरा इलाज दाबून ठेवतात म्हणे, म्हणून कारल्याचा रस. परवा २९० होती. काय करू?

कोकणची मैना: रस पिऊ दे, पण गोळ्या चालू ठेवायला लाव. तिचा विश्वास कुणावर आहे? त्याच्याकडून सांग.

आजीची नात: गावच्या डॉक्टरांवर! त्यांनाच फोन करते. मैना, तू दापोलीची का?

कोकणची मैना: गुहागर 🙂 व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

नाशिककर_७८: माझा दादा २०२१ पासून बोलत नाही. मी ग्रुपवर लसीवरून सगळ्यांसमोर त्याला खोटं पाडलं होतं. माझं म्हणणं बरोबरच होतं, पण चारचौघांत करायला नको होतं.

धागाकर्ती: दादांना फोन कर. लसीचा विषयच काढू नकोस, वहिनी कशा आहेत ते विचार.

नाशिककर_७८: रविवारी करतो. तो सकाळी घरी असतो.