73 ची प्रेसिडेंट (फियाट) आहे, हॉट रॉड करावी का? सोबत जुन्या कोटांचं पण विचारायचंय

लातूरची_फियाट
राम राम मंडळी. चुलत आजोबांची 1973 ची प्रीमियर प्रेसिडेंट वाड्यात उभीय, म्हणजे तीच फियाट 1100, पद्मिनी नाव पडायच्या आधीची. खालचा पत्रा थोडा सडलाय पण इंजिन फिरतंय आणि आरसी चालू आहे. घरचे म्हणायलेत भंगारात दे, जालन्याच्या भट्टीत जाऊन सळई होईल, मला ते काय पटंना. यूट्यूबवर हॉट रॉड बघून बघून डोकं फिरलंय, मडगार्ड काढायचे, गाडी खाली बसवायची, मोठं इंजिन टाकायचं. दुसरं म्हणजे ट्रंकेत आजोबांचे वुलनचे कोट, एक सफारी आणि गॅलिसच्या (खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांच्या) पँटी निघाल्यात. गाडीला शोभंल असं घालून रविवारी औशाच्या किल्ल्यापर्यंत चक्कर मारायची लई हौस आहे. सुरुवात कुठून करू?

पान्हा_नंबर_दहा
भाऊ, कटर हातात घेऊ नको आधी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोरांनी हॉट रॉड केल्या त्या फोर्डच्या जुन्या गाड्या, 1932 ची व्ही8 सगळ्यात लाडकी, आणि त्यांना खाली वेगळी चॅसी (लोखंडी सांगाडा) होती, त्यामुळं मडगार्ड, बॉनेट काढून फेकलं तरी गाडी उभी राहायची, वजन कमी की कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात वेग जास्त. आपल्या फियाटला वेगळी चॅसी नाहीच, बॉडी हीच चॅसी. तू खालचा पत्रा सडलाय म्हणतोस तर ते आधी बघ, जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हर टोचून बघ, आत गेला तर वेल्डिंग आलंच. आणि 1089 सीसीचं जेमतेम 40 हॉर्सपॉवरचं इंजिन, चारी चाकांना ड्रम ब्रेक, त्यात डबल ताकदीचं इंजिन टाकलं तर पळंल, थांबणार कशी? ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडियल टायर, कार्बोरेटर नीट ट्यून, एवढ्यावर पण गाडी बदलल्यासारखी वाटती.

रिकामटेकडा_MH20
इंजिन बदलायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं 2019 ला पण तेच सांगितलंय. आणि एक, कोणीतरी तुम्हाला व्हिंटेज नोंदणी करा म्हणंल, 2021 च्या नियमात 50 वर्षांवरच्या गाडीची तशी नोंदणी होती, तुमची बसती त्यात; नव्यानं नोंदवलेल्या गाडीला VA अक्षरांचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेलीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. औशाला चक्कर मारायची असंल तर आहे ती आरसीच दर 5 वर्षांनी रिन्यू करत राहा.

उसवाला
ब्रेक झाले की पेट्रोलचे पाइप. E20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मधलं उसापासूनचं इथेनॉल जुन्या रबराला खातं, पाइप मऊ पडतो, पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) जातो, शिवाय ते पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी कमी भरून ठेवा म्हणणारे चूक सांगतात, एकतर रिकामी करा नाहीतर फुल. आपलाच ऊस आपल्याच फियाटला नडायलाय बघा. एप्रिल-मे मधे पंप तापून पेट्रोलची वाफ झाली की गाडी बंद पडती, जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, अजून पण तेच करा.

काजबटण
कपड्यांचं कोणी बोलंना म्हणून मी. कोट आधी उन्हात टाका, वुलनला कसर लागलेली असती, काखेत आणि कॉलरखाली बघा. मग छातीपाशी वरचं कापड आणि आतलं अस्तर चिमटीत धरून वेगळं ओढायचं, मधे तिसरा थर सुटा लागला तर आत कॅनव्हास शिवून घातलेला कोट आहे, तो कुठल्याही किंमतीत अल्टर करायला घाईत देऊ नका. आताच्या कोटात तो थर चिकटवलेला असतो, दोन-चार धुण्यात फुगे येतात. पँटीचं आसन उंच आहे म्हणून लोक कापायला सांगतात, कापू नका, ती बेंबीवरच घालायची असती, तरच गॅलिसला अर्थ. सफारी मात्र टेरिकॉटची असंल तर 42 डिग्रीत घामानं जीव जाईल, तिचं माप घेऊन खादीत नवी शिवून घ्या.

गुलमंडीकर
हे सगळं अमेरिकेचं काहून? निजामाच्या काळात आपल्याकडं वकील, मास्तर शेरवानी घालून फिरायचे, हिमरूच्या (औरंगाबादच्या नक्षीदार विणीच्या कापडाच्या) पण असायच्या. ती घालून फियाटीतून उतर, अख्खं लातूर बघंल.

लातूरची_फियाट
शेरवानीची आयडिया भारीय पण आजीनं ऐकलं तर दुसऱ्याच तयारीला लागंल 😄 कटर कॅन्सल. कोट उन्हात टाकलेत, एकाचा मधला थर सुटा लागतोय. @पान्हा_नंबर_दहा ब्रेकचं किट अजून मिळतं का हो?

पान्हा_नंबर_दहा
मिळतं, पद्मिनीचं मागायचं. चारी ड्रम उघड आणि फोटो टाक, मग सांगतो काय काय लागंल.