एएफएममुळे (अक्यूट फ्लॅसिड मायलायटिस, मज्जारज्जूला सूज येऊन हातपाय अचानक लुळे पडतात तो आजार) मुलाचा खांदा लुळा, नर्व ट्रान्सफरचा कोणाला अनुभव आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, मुलगा साडेचार वर्षांचा. सप्टेंबरमध्ये त्याला सर्दी आणि दोन दिवस ताप आला, शाळेत सगळ्यांनाच चालू होतं म्हणून आम्ही फार मनावर घेतलं नाही. आठवड्याभराने सकाळी दूध प्यायला बसला तर डावा हात उचलेचना, मान दुखते म्हणत होता. अर्जंट केअरमध्ये खांद्याला मार लागला असेल म्हणून एक्सरे काढून घरी पाठवलं, संध्याकाळपर्यंत हात नुसता लोंबायला लागला मग थेट इमर्जन्सी. एमआरआयमध्ये मानेतल्या मज्जारज्जूच्या ग्रे मॅटरला सूज, नाकाच्या स्वॅबमध्ये एन्टेरोव्हायरस डी६८. अक्यूट फ्लॅसिड मायलायटिस, म्हणजे एएफएम, म्हणाले.

सासूबाई फोनवर रोज विचारतात पोलिओचा डोस चुकला का गं. नाही हो, सगळे झालेत. हा पोलिओच्याच जातकुळीतला पण वेगळा व्हायरस आहे, पोलिओची लस याला चालत नाही आणि याची स्वतःची लस अजून आलेली नाही.

आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या अँटीबॉडीज) दिलं, खात्रीचं औषध नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बोटं आणि मनगट हळूहळू आलं पण खांदा आणि दंड पाच महिने झाले तरी तसाच. जेवताना तो उजव्या हाताने डावा हात उचलून टेबलावर ठेवतो, इतकं सवयीने की बघवत नाही.

आता सर्जन नर्व ट्रान्सफर सुचवतायत, म्हणजे चालू असलेल्या नसेचा भाग घेऊन खांद्याच्या नसेला जोडायचा. हे साधारण वर्षाच्या आत केलेलं बरं कारण नसेशिवाय स्नायू वाळत जातो. नवरा म्हणतो करूया. मला वाटतं दोन महिने थांबलो आणि आपोआप आलं तर? आणि थांबण्यात वेळ निघून गेली तर? इथे अमेरिकेत २०१८ साली सगळ्यात जास्त केसेस झाल्या त्याही देशभरात २३८, त्यामुळे यातून गेलेले आईवडील सापडतच नाहीत. कोणी केलीय का मुलाची सर्जरी? किती महिन्यांनी केली, हात कितपत उठला? घरी व्यायाम काय करून घेता?

अपडेट: मेसेज करणाऱ्या सगळ्यांना, घाबरू नका, हे फार विरळा आहे. पण सर्दीतापानंतर हातपाय अचानक लुळा पडला, चेहरा वाकडा झाला किंवा गिळता येईना तर रात्र काढू नका. नाशिकच्या ताईंनी विचारलं होतं की भाचीचे शौचाचे नमुने न्यायला आरोग्य खात्याचे लोक का आले, ताई ते पोलिओ नाही ना हे बघायला हातपाय अचानक लुळे पडलेल्या पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे दोन नमुने घेतात, नक्की द्या.

सर्जनची अपॉइंटमेंट १२ तारखेला आहे, त्याआधी कोणी फोनवर बोलू शकलं तर तुमच्या सोयीने कितीही वाजता चालेल.