मदत हवी आहे: स्टेज आणि रेकॉर्डिंग, दोन्हीला पुरेल असा तालवाद्यांचा संच कसा जमवावा?

लग्गी_लडी (नाशिक)

नमस्कार मंडळी. तबला आणि ढोलकी वाजवतो. भावगीत-नाट्यगीतांचे कार्यक्रम, अभंग, मधूनच लावणी, आणि आता महिन्याला तीन-चार रेकॉर्डिंग असं काम असतं. जवळ असलेली वाद्यं:

काळी १ चा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) शिसवी तबला (तोंड साडेपाच इंच) आणि तांब्याचा डग्गा, दोरीची एक ढोलकी, खंजिरी, मंजिरी, एक शेकर, घुंगरांचा पट्टा. ऑक्टोपॅड (आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) लागेल तेव्हा भाड्याने आणतो.

दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने भर घालायची आहे. प्रश्न असे:

१. तबले किती आणि कोणत्या सुरांचे घ्यावेत? गायिकांच्या कार्यक्रमाला दर वेळी अडतं.
२. दुसरी ढोलकी नटबोल्टची घ्यावी की दोरीचीच?
३. संबळ आणि हलगी खरी घ्यावी की ऑक्टोपॅडवर भागवावं?
४. घरी रेकॉर्ड करून ट्रॅक पाठवायचे तर माइक कोणते आणि कुठे लावायचे?
५. पावसाळ्यात तबला अर्ध्या कार्यक्रमात उतरतो. उपाय?

---

चाट_लव_शाई

पहिला प्रश्न सुटला की निम्मा खर्च मार्गी लागेल, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

एक तबला त्याच्या मूळ सुरापासून साधारण एक सूर वर आणि एक सूर खाली नीट बोलतो. त्याच्या वर ओढला तर चाट (काठावरची कातडी पट्टी) ताणून आस (आवाजाची गुंज) तुटते आणि पुडी (तोंडावरचं कातडं) गजऱ्याशी (काठाच्या कातडी वेणीशी) फाटते. खाली सोडला तर शाई (मधला काळा लेप) भदभदते. म्हणून तबले तोंडाच्या मापावरून निवडायचे:

साडेपाच इंच – पांढरी १, काळी १
सव्वापाच इंच – पांढरी २, काळी २
पाच इंच किंवा किंचित कमी – पांढरी ३, पांढरी ४
सहा ते सव्वासहा इंच – खालची काळी ४ ते काळी ५

गायिकेचा सूर काळी ४ असेल तर काळी ४ चाच तबला हवा असं नाही. मध्यमाला (म) लावायचा तर काळी १ आणि पंचमाला (प) लावायचा तर काळी २ चालतो. सूर पांढरी ५ असेल तर मध्यम पांढरी १ येतो आणि पंचम पांढरी २. काळी ५ चा मध्यम काळी २, पंचम पांढरी ४. म्हणजे तुमच्याकडचा साडेपाच इंची आहे, त्यात सव्वापाच आणि पाच इंची घातलेत की पुरुष-बायका मिळून बहुतेक कार्यक्रम निघतात. चौथा, मोठ्या तोंडाचा, सगळ्यात शेवटी घ्या. हल्ली रेकॉर्डिंगला खालच्या सुराचा, लांब आसेचा तबला मागतात, तिथे तो उपयोगी पडेल.

मात्र राग बघून लावा. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे मध्यम किंवा षड्ज (सा). भूपात मध्यम वर्ज्य, तिथे पंचम किंवा षड्ज. मारव्यात पंचम नाही आणि मध्यम तीव्र, तिथे षड्जाशिवाय गत्यंतर नाही. नाट्यगीतांच्या कार्यक्रमात असे राग एकामागून एक येतात, म्हणून गाण्यांची यादी आदल्या दिवशीच मागून घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे तबल्याचा सूर लिहून ठेवा.

खोड (तबल्याचं लाकडी भांडं) घेताना पुडी काढलेलं मागा. तोंड सपाट फरशीवर पालथं घाला. कडेखालून उजेड दिसला तर काठ समपातळीत नाही, आणि असा तबला सोळाही घरांत (काठाच्या सोळा भागांत) एका सुरात कधी मिळत नाही. तोंडापासून खाली गेलेली बारीक चीर असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. शिसम आणि खैर जड असतात, आस चांगली देतात.

आणि प्रत्येक तबल्याची एक जादा पुडी, त्याच खोडाच्या मापाची, आधीच करून ठेवा. पाचव्या शेकरपेक्षा दुसऱ्या पुडीवर पैसे घाला. नवी पुडी चढवल्यावर दोन दिवस ताण बसू द्यावा लागतो, कार्यक्रमाच्या सकाळी चढवलेली संध्याकाळपर्यंत उतरतच राहते.

शाईचा कण उडून करकर यायला लागली तर त्यात गोंद किंवा झटपट चिकटणारा द्रव सोडू नका. शाईत बारीक भेगांचं जाळं असतं, त्यामुळेच ती कातड्याबरोबर लवते. ती जखडली की सूर बसतो. शाईच्या वजनामुळे कातड्याचे उपस्वर सुरेल होतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच 'नेचर'मध्ये मांडलं होतं. इतकी नाजूक जुळणी आहे ती, तिला हात लावायचा तो पुडी करणाऱ्यानेच.

---

घुमारा

ढोलकीबद्दल. लावणीला दोरीचीच ठेवा. नटबोल्टची पटकन चढते-उतरते, ऑर्केस्ट्रात दर गाण्याला सूर बदलतो तिथे ती सोयीची. पण लोखंडी कड्यांचं वजन अंगावर येतं आणि धूमेचा (खर्जाच्या तोंडाचा) घुमारा थोडा आखडतो. तुमची कामं बघता दुसरी नटबोल्टची घ्या. दोन्ही वेगवेगळ्या सुरांना लावून ठेवता येतील.

धूमेच्या पुडीला आतून मसाला असतो. उन्हात बंद गाडीत ढोलकी उभी ठेवली तर तो पातळ होऊन एका बाजूला सरकतो आणि घुमारा पडल्यासारखा येतो. ढोलकी आडवी ठेवा, गाडीत सोडून जाऊ नका. थंडीत हाच मसाला कडक होतो, तेव्हा वाजवण्याआधी तळव्याने पाच मिनिटं चोळून धूम मोकळी करा.

संबळ खरीच घ्या. दोन भांड्यांतला सुराचा फरक आणि वाकड्या काठीचा ओढता घाव पॅडच्या एका ठोक्यात येत नाही, गोंधळाच्या गाण्यात ते लगेच उघडं पडतं. हलगीचं जरा वेगळं आहे. कातड्याची हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही आणि नाट्यगृहात जाळ करता येत नाही. त्यामुळे स्टेजसाठी लोखंडी कडं आणि फायबरचं पान, रेकॉर्डिंगसाठी कातड्याची. फायबर पावसात उतरत नाही, पण आवाज टोकदार असतो आणि माइकजवळ तो कानाला लागतो. स्टुडिओत कातड्याची हलगी विजेच्या शेगडीपासून हातभर लांब धरून, फिरवत शेका. एकाच जागी धरली तर तिथलं कातडं वाळून तडकतं.

दिमडीचं नाव तुमच्या यादीत नाही. लहान आहे, स्वस्त आहे, वाघ्या-मुरळीच्या गाण्यांना लागतेच. घ्या.

---

मृदंगमणी

अभंग करता म्हणून भर घालते. पखवाज विकत घेणार असाल तर कणकेची शिस्त पाळा. कणीक पोळीपेक्षा सैल मळायची, धूमेच्या मधोमध लावायची, वाढवली की आवाज खाली जातो, काढली की वर. कार्यक्रम संपला की त्याच दिवशी खरवडून ओल्या फडक्याने पुसायची. वाळलेली कणीक दुसऱ्या दिवशी उचकटली तर कातड्याचा पापुद्रा निघतो, आणि राहिली तर उंदीर पुडी कुरतडतात.

पखवाजाऐवजी डग्ग्यावर अभंग नेता येतो हे खरं, पण दिंडीच्या चालीच्या गाण्यात पखवाजाचं खुलं अंग हवंच असतं.

---

ट्रॅक_चोवीस

प्रश्न ४. मी ट्रॅक घेण्याच्या बाजूने लिहितो.

तबल्याला दोन माइक. सुरुवात शुअर एसएम ५७ च्या जोडीने करा, स्टेजलाही तेच चालतात. तबल्याचा माइक पुडीपासून १२ ते १५ सेंटीमीटर वर, चाट आणि शाईच्या मधल्या लवेकडे तिरका. अगदी चाटेवर रोखला तर 'ना' (काठावरचा बोल) टोचतो आणि 'तूं' (मधला खुला बोल) हरवतो. डग्ग्याचा माइक मनगटाच्या विरुद्ध बाजूने, १५ सेंटीमीटरवर. मनगटामागे ठेवला तर घासण्याचा आवाज मिंडेपेक्षा (ओढलेल्या सुरापेक्षा) मोठा येतो. दोन्ही माइक एकत्र ऐकताना डग्गा पोकळ वाटला तर एकाचा फेज उलटून बघा.

तबल्याच्या माइकला १२० हर्ट्झखालचं कापा. काळी १ चा सूर २७७ हर्ट्झच्या आसपास आहे, त्यामुळे काही बिघडत नाही आणि डग्ग्याची गळती कमी होते. डग्ग्याला मात्र ४० च्या वर कात्री लावू नका. स्टेजवर मॉनिटरमधून घूं होत असेल तर आधी मॉनिटरमधला डग्गा कमी करा, मग बाकी उपाय.

पुढे पैसे असतील तर लहान डायफ्रॅमच्या कंडेन्सर माइकची जोडी घ्या. त्याला ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) लागतो, एसएम ५७ ला लागत नाही. कंडेन्सर ३० ते ४० सेंटीमीटरवर ठेवा, पण खोली गादी-पडद्यांनी बसकी केलेली हवी, नाहीतर भिंतींचा आवाज वाद्यावर चढतो.

बाकी बारीकसारीक, पण काम याच गोष्टींवर परत येतं:

– २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा.
– सगळे ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू करून पाठवा, मधूनच कापलेले नकोत.
– हेडफोन कान पूर्ण झाकणारे. क्लिक (हेडफोनमधली लयीची टिकटिक) माइकमध्ये शिरली की शांत जागी ती काढता येत नाही.
– साइड ऱ्हिदमचं प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर. मंजिरी माइकपासून दोन फूट लांब, शेकर एक फूट. घुंगरांचा पट्टा हातात धरू नका, जाड फडक्यावर ठेवून आपटा.
– घड्याळ, कडं, अंगठी काढून बसा.
– प्रत्येक टेकच्या आधी चार वेळा नुसता 'ना' वाजवून ठेवा. दोन तासांनी दुरुस्ती करायची झाली तर तबला कुठे लावला होता ते त्यावरून कळतं.

सूर ट्रॅकशीच मिळवा, पेटीशी नाही. जुन्या पेट्या बहुधा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला नसतात. सुराचं ॲप वापरत असाल तर त्याच्यापुढे 'ना' वाजवा. 'तूं'चा सूर वेगळा दिसतो आणि फसगत होते.

---

लग्गी_लडी

खूप आभार सगळ्यांचे. मंडळी, एसीचं काय करायचं? रेकॉर्डिंगला एसी बंद करतो तर वीस मिनिटांत तबला उतरतो. आणि पावसाळ्याचा प्रश्नही राहिलाच.

---

चाट_लव_शाई

दोन्हींचं कारण एकच. कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं, कोरड्या हवेत आकसून चढतं. एसी हवा कोरडी करतो म्हणून तबला चढतो, बंद केला की उतरतो. अर्धा तास एसी चालवून मग तबला लावा, एका गाण्याच्या टेकपुरता बंद करा, टेक झाला की लगेच सुरू. सलग तासभर बंद ठेवू नका.

पावसाळ्यात खरी चूक लावण्याच्या क्रमात होते. ओलसर पुडी गठ्ठे (कातडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सुरात आणली जाते. मग स्टेजवरच्या दिव्यांनी ती वाळते, सूर वर पळतो, आणि आधीच पूर्ण ताणलेली पुडी गजऱ्याशी फाटते. म्हणून क्रम असा ठेवा:

आधी साठ वॉटचा तारेचा बल्ब दीड फुटावर ठेवून पुडी पंधरा-वीस मिनिटं शेका. एलईडीने काही होत नाही, त्याला तेवढी ऊब नसते. केस वाळवायचं यंत्र जवळून मारू नका, शाई वरून वाळून सुटते. मग दहा मिनिटं थंड होऊ द्या. त्यानंतर गठ्ठ्यांनी सूर जवळ आणा, समोरासमोरचे गठ्ठे जोडीने ठोका. शेवटी गजरा: वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. एक घर झालं की त्याच्या समोरचं, मग काटकोनातली दोन, अशी सोळा घरं. हातोडी चाटेला लागू देऊ नका, किनार तिथूनच फाटते.

मध्यंतरात परत तेच घर तपासा ज्यापासून सुरुवात केली होती.

वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने घाम पुसा, वीस मिनिटं उघडं राहू द्या, मगच पिशवीत घाला. पिशवीत शंभर ग्रॅम सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवून परत वापरा. स्वयंपाकाच्या भांड्यात नको. हाताला घाम सुटतो म्हणून शंखजिऱ्याची पूड लावता ना, ती हातालाच लावा, पुडीवर ओतू नका. घामाबरोबर तिचा लगदा होऊन शाईच्या भेगांत बसतो.

---

पॅड_आठ

ऑक्टोपॅडचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. महिन्याला चार-पाच वेळा भाडं देत असाल तर स्वतःचा घ्या, कारण गाण्यांच्या क्रमाने लावलेली किट भाड्याच्या पॅडवर प्रत्येक वेळी नव्याने करावी लागतात. आठ पॅड, एक पायाचा ट्रिगर, पुरे. पॅडवर डफ, तुंबा, टाळी, चाइम ठेवा. ढोलकी आणि संबळ ठेवू नका, संबळाबद्दल वर सांगितलंय त्याच कारणाने.

सोबत पाव इंची दोन केबल, डीआय बॉक्स (पॅड मिक्सरला जोडणारी डबी) आणि जादा अडॅप्टर. घरघर आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबून बघा, अडॅप्टरचं अर्थिंग तोडू नका.

---

लग्गी_लडी

ठरलं, आधी सव्वापाच इंची तबला आणि दोन जादा पुड्या. शेवटचा प्रश्न: जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या एका मराठी मंडळाचा कार्यक्रम येतोय. तबला विमानात कसा न्यायचा?

---

मृदंगमणी

हातोडी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती चेक-इनच्या सामानात टाका. तबला शक्य तर सोबत घ्या, पण आधी वजन करून बघा. डग्गा कडक पेटीत, तोंडावर पुठ्ठ्याची चकती आणि आत कपडे कोंबून.

तिथे उतरल्यावर प्रवाशांच्या अर्जावर प्राण्याच्या कातड्याची वस्तू म्हणून वाद्यं जाहीर करायचीच. तपासणीत केस, किडा, माती, वाळलेली कणीक काहीही सापडलं तर वाद्य अडकतं. त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी वाद्या (ताणाच्या कातडी पट्ट्या) आणि गठ्ठ्यांच्या खालची धूळ ब्रशने काढा. गवत किंवा काथ्या भरलेली चुंबळ घरीच ठेवा, कापडी न्या. आणि तबला एक-दीड सूर उतरवून मगच पेटी बंद करा, जानेवारीत तिथे उन्हाळा असतो.