कूलरची मोटर नुसती घूं करते, टाकीही झिरपते: घरी काय जमेल?

दर्यापूरकर: पत्र्याचा जुना कूलर, १८ इंची पंखा. बटण दाबलं की मोटर घूं करते, पाती फिरत नाही. काडीने ढकलली तर फिरते, पण हळू. पंपाचा आवाज येतो, मात्र वर पाणी चढत नाही. टाकीचा एक कोपरा गंजून झिरपतो. मिस्त्री म्हणतो मोटरच बदला. पाने, पक्कड, तारेचा ब्रश घरी आहे. ताट्या (कूलरच्या बाजूला पाण्याने भिजणारे पडदे) कोणत्या घ्याव्या तेही सांगा. पाणी बोअरचं, खारं.

पाना_पक्कड: मोटर बदलायची घाई नको. प्लग काढा (नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण न्यूट्रलवर असलं तर आत करंट राहतो) आणि पाती हाताने फिरवा. सैल फिरून हळूहळू थांबली तर बहुतेक कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा डबा) गेलाय. जड फिरली तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकलाय.

कपॅसिटरवर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. तोच आकडा, ४४० व्होल्टचा घ्या. "थोडा मोठा टाका, जोरात फिरेल" असं दुकानदार सांगेल, ऐकू नका. वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) तापून जळतं. जुना काढण्याआधी मुठीला प्लास्टिक असलेल्या पेचकसाने त्याची दोन्ही टोकं जोडून घ्या, आत चार्ज उरलेला असतो. कपॅसिटरच्या दोन वायरी आपसात उलटसुलट लागल्या तरी चालतं.

बुश जड असेल तर रॉकेलने धुऊन, पुसून, दोन्ही बाजूंना शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं.

वऱ्हाडी_वर्कशॉप: पंपाचं भाऊ, आवाज नीट ऐका. नुसती गुणगुण असेल तर आतलं चक्र क्षाराने अडकलंय. सरसर फिरल्याचा आवाज असेल तर चक्र दांड्यावरून सुटलंय, पाईप निघालाय किंवा टाकीत पाणी कमी आहे. खालची जाळी आणि झाकण काढलं की चक्र दिसतं. कोमट पाण्यात लिटरला दोन चमचे लिंबूफूल टाकून फक्त चक्र, झाकण आणि जाळी तासभर भिजत ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. मोटरचा भाग भिजवू नका. वरच्या पन्हाळीतली भोकंही झाडूच्या काडीने मोकळी करा, नाहीतर ताटी एकाच बाजूने भिजते.

टाकीचं आधी तपासा. गंजलेल्या जागी पेचकसाचं टोक दाबलं आणि पत्रा आत गेला, तर एम-सील (दोन भाग मळून लावायची, सुकून कडक होणारी लुगदी) लावण्यात अर्थ नाही, जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचं ठिगळ रिव्हेट करावं लागेल. पत्रा टणक असेल तर तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासा, एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एक रंग होईपर्यंत मळा आणि आतून दाबून बसवा. एक दिवस सुकू द्या. वरून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा अस्तर-रंग), मग डांबरी काळ्या रंगाचे दोन हात. ओल्या पत्र्यावर यातलं काहीच टिकत नाही.

सावली: ताट्या: खाऱ्या पाण्यावर हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी छिद्रांची कागदी ताटी) महागात पडतं, छिद्रांत क्षार बसला की वारा अडतो. गवताची ताटी स्वस्त, दर उन्हाळ्यात बदलता येते. फक्त ते भिजून खाली बसतं आणि वर फट राहते, तिथून गरम वारा थेट आत येतो. म्हणून भरताना वरच्या कडेला जास्त गवत कोंबा. वाळा जाड भरू नका, वास छान पण हवा कमी.

पाणी उडून जातं, क्षार टाकीतच साचतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

दर्यापूरकर: पाती सैल फिरते. कपॅसिटरवर ४ लिहिलंय, शेजाऱ्यांच्या मीटरवर १.८ आला. टाकीचा पत्रा टणक आहे.

पाना_पक्कड: म्हणजे मोटर शाबूत असावी, कपॅसिटर तेवढा बदला. जोडताना तीन पिनी प्लगची अर्थिंगची हिरवी वायर पत्र्याच्या अंगाला स्क्रूने घट्ट बसवली आहे ना ते बघा, रंग खरवडून बसवा. पाणी भरताना मात्र दरवेळी प्लग काढूनच.