डीएसएलआरला हलका पर्याय: देवळातील नाटके आणि तळ्यावरचे पक्षी यांसाठी कोणता मिररलेस घ्यावा?

अंत्रुजवासी

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे निकॉनचा डी७२०० हा डीएसएलआर (आतल्या आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा), त्याच्यासोबत घेतलेली १८-१४० मिमी लेन्स, ५० मिमी एफ/१.८डी ही जुनी लेन्स (एफपुढचा आकडा जितका लहान तितका लेन्स अधिक प्रकाश घेते) आणि ७०-३०० मिमी एफ/४.५-५.६ व्हीआर एवढे साहित्य आहे. माझे छायाचित्रण मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक म्हणजे गोव्यात फोंडा परिसरातील देवळांच्या जत्रा, पालख्या आणि मांडवात रात्री उशिरा उभी राहून पहाटेपर्यंत चालणारी नाटके व दशावतारी काले. दुसरे म्हणजे थंडीच्या दिवसांत करमळीच्या तळ्यावर किंवा चोडणच्या अभयारण्यात दिसणारे पक्षी. मानेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी खांद्यावर ओझे घेण्यास आता मनाई केली आहे. छंद सोडण्याची इच्छा नाही, म्हणून लहान मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा विचार करीत आहे.

माझे प्रश्न असे. जुन्या लेन्स अडॅप्टर (नव्या बॉडीला जुनी लेन्स जोडणारे कडे) लावून वापरल्या तर चालेल का, कारण सर्व काही एकदम बदलणे मला परवडणारे नाही? मांडवातील अपुऱ्या उजेडात लहान कॅमेरा कितपत साथ देईल? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो टिकेल का?

तिसवाडी

कॅमेऱ्याचे नाव सुचवण्याआधी वजनाचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. बॅटरी व कार्डासह डी७२०० ७६५ ग्रॅम, १८-१४० ही ४९० ग्रॅम, ७०-३०० ही ७४५ ग्रॅम (आपल्याकडे जुनी जी मालिकेतील लेन्स आहे असे धरतो) आणि ५० मिमी सुमारे १६० ग्रॅम. एकूण २,१६० ग्रॅम भरतात आणि त्यात कॅमेऱ्याचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक आहे. म्हणजे आपल्या मानेवरचा भार प्रामुख्याने लेन्सचा आहे, आणि नुसती बॉडी बदलून तो फारसा उतरणार नाही.

निकॉनच्या डीएसएलआरच्या जुन्या एफ माउंटमध्ये (लेन्स जोडण्याच्या रचनेत) लेन्स जिथे बसते तिथपासून प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर ठेवावे लागत असे, कारण मधल्या जागेत आरसा वर-खाली होत असे. आरसा आणि त्याच्या डोक्यावरचा प्रिझम गेल्यावर निकॉनच्या मिररलेसच्या झेड माउंटमध्ये हेच अंतर १६ मिमीवर आले. त्यामुळे बॉडी सडपातळ झाली आणि रुंद कोनाच्या लेन्सनाही लाभ झाला, कारण आरशाला जागा सोडण्यासाठी त्यांच्यात जी जादा भिंगे घालावी लागत ती कमी करता आली. दूरच्या लेन्सना मात्र हा लाभ जवळपास मिळत नाही. ३०० मिमी लेन्सला एफ/५.६ इतका प्रकाश आत घ्यायचा असेल, तर तिच्या तोंडाशी निदान ५४ मिमी व्यासाचे भिंग हवेच, मग मागे आरसा असो वा नसो. झेड माउंटची डीएक्स (डी७२०० सारख्या लहान सेन्सरसाठीची) ५०-२५० मिमी लेन्स अवघी ४०५ ग्रॅम भरते, कारण ती २५० मिमीवर थांबते आणि तिथे एफ/६.३ इतकाच प्रकाश घेते. त्या हलकेपणाची किंमत प्रकाशात मोजलेली आहे, एवढे लक्षात ठेवूनच ती घ्यावी.

आता अडॅप्टरबद्दल. निकॉनचा झेड५० हा मिररलेस बॅटरी-कार्डासह ४५० ग्रॅम, एफटीझेड-२ अडॅप्टर १२५ ग्रॅम आणि आपली ७०-३०० ही ७४५ ग्रॅम, असे १,३२० ग्रॅम होतात. आज हीच लेन्स डी७२०० वर १,५१० ग्रॅमची होते. इतका खर्च करून १९० ग्रॅम वाचतात आणि तोल सगळा पुढच्या बाजूला जातो. शिवाय आपल्या ५० मिमी डी लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. डी७२०० च्या बॉडीतील मोटर ती लेन्स फिरवते, परंतु एफटीझेडमध्ये तशी सोय नसल्याने झेड५० वर तिचा फोकस हातानेच करावा लागेल. तेव्हा अडॅप्टरचा मार्ग आपल्या कामाचा नाही.

त्याऐवजी झेड५०, त्यासोबतची १६-५० मिमी (१३५ ग्रॅम), वर सांगितलेली ५०-२५० आणि मांडवासाठी झेड ४० मिमी एफ/२ (१७० ग्रॅम) असा संच केला, तर १,१६० ग्रॅम होतात. बरोबर एक किलो उतरले. झेड५० ची दुसरी आवृत्ती २०२४ च्या अखेरीस आली. ती सुमारे शंभर ग्रॅमने जड असली तरी पक्षी ओळखून त्यावर फोकस धरते, त्यामुळे आपल्या दुसऱ्या छंदासाठी ते शंभर ग्रॅम वाया जात नाहीत.

सोनीचा ए६४०० (४०३ ग्रॅम), फुजीचा एक्स-टी३० दुसरा (३७८ ग्रॅम) आणि कॅननचा आर५० (३७५ ग्रॅम) हेही याच वर्गातले कॅमेरे आहेत. त्यांपैकी फुजीची १८-५५ मिमी एफ/२.८-४ ही लेन्स मांडवातील उजेडाला निकॉनच्या १६-५० पेक्षा निश्चितच बरी आहे, परंतु ती ३१० ग्रॅमची आहे. फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) मिररलेसच्या वाटेला मात्र आपण जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथल्या बॉडी लहान दिसतात खऱ्या, पण निकॉनच्या झेड २४-७० मिमी एफ/२.८ या लेन्सची पहिली आवृत्ती एकटी ८०५ ग्रॅमची आहे, म्हणजे आपल्या आजच्या कॅमेऱ्यापेक्षाही जड.

जुनी रीळ

माझा सल्ला कमी खर्चाचा आहे. सर्व लेन्स एकाच वेळी का न्याव्यात? नाटकाच्या रात्री डी७२०० वर डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी ही २०० ग्रॅमची लेन्स लावून बाकी सारे घरी ठेवले, तर गळ्यात ९६५ ग्रॅम राहतात. ही लेन्स वापरलेली मिळणे आता अवघड नाही, कारण निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही आणि लोक आपले संच विकून मोकळे होत आहेत.

बॅटरीचा मुद्दा वरच्या उत्तरात आला नाही. प्रमाणित चाचणीत डी७२०० एका बॅटरीवर १,११० छायाचित्रे देतो, तर झेड५० सुमारे ३००. मिररलेसमध्ये डोळा लावून नुसते पाहत बसले तरी सेन्सर आणि आतला पडदा बॅटरी खात राहतात. मध्यरात्री सुरू झालेले नाटक तिसऱ्या अंकात येईपर्यंत दोन-तीन बॅटऱ्या बदलाव्या लागतील. मिररलेस विकणाऱ्यांच्या तोंडी हे सहसा येत नाही.

खंड्या

जुनी रीळ यांचा उपाय नाटकापुरता योग्य आहे. पण करमळीच्या बांधावर ३५ मिमी लेन्सने टिपलेला पक्षी छायाचित्रात शोधूनच काढावा लागेल. बॅटऱ्यांचे म्हणाल तर मिररलेसची बॅटरी लहान व हलकी असते आणि दोन जादा बॅटऱ्या खिशात सहज मावतात.

मी मायक्रो फोर थर्ड्स (आणखी लहान सेन्सरच्या मिररलेस) पद्धतीचा ओएम-५ हा कॅमेरा वापरते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. बॅटरी-कार्डासह तो ४१४ ग्रॅमचा आहे. १२-४५ मिमी एफ/४ प्रो २५४ ग्रॅम, ४५ मिमी एफ/१.८ ही ११६ ग्रॅम आणि ७५-३०० मिमी ४२३ ग्रॅम धरून संच १,२०७ ग्रॅमचा होतो. म्हणजे तिसवाडी यांनी सुचवलेल्या संचाएवढाच, परंतु पोहोच फार वेगळी. हा सेन्सर लहान, १७.३ × १३ मिमीचा असल्याने ३०० मिमी लेन्स फुल-फ्रेमवरील ६०० मिमीएवढे जवळ आणते. डी७२०० वर आपल्याला आज ४५० मिळतात आणि निकॉनच्या ५०-२५० वर ३७५ मिळतील. बांधावरून पाण्यातल्या अडई बदकापर्यंतचे अंतर पाहता हा फरक मला मोठा वाटतो.

बॉडीला आयपी५३ दर्जाचे (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारे) जलरोधन आहे. माशेलच्या चिखलकाल्याला (चिखलात खेळल्या जाणाऱ्या उत्सवाला) ज्यांनी कॅमेरा नेला असेल त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र वर दिलेल्या लेन्सपैकी केवळ १२-४५ ला असे जलरोधन आहे. ७५-३०० लावून पावसात उभे राहिल्यास बॉडी सुरक्षित आणि लेन्स ओली, अशी स्थिती होते.

आता उणी बाजू. या सेन्सरचे क्षेत्रफळ डी७२०० च्या सेन्सरच्या सुमारे साठ टक्केच आहे, त्यामुळे त्याच छिद्रमानाला आणि त्याच शटरवेगाला छायाचित्रात कण अधिक दिसतात. सेन्सर हलवून हाताचा कंप शोषून घेण्याची सोय ओएम-५ मध्ये आहे आणि झेड५० मध्ये नाही. परंतु त्या सोयीने समईच्या उजेडातली देवळाची कमान स्पष्ट येईल, रंगमंचावर गिरकी घेणारा दशावतारातला संकासूर येणार नाही. हलणाऱ्या माणसाला थोपवायला वेगवान शटरच लागतो. उडत्या पक्ष्यांच्या बाबतीतही ओएम-५ सामान्यच आहे, कारण पक्षी ओळखण्याची सोय त्यात नाही. फांदीवर बसलेला खंड्या ही त्याची हद्द समजावी.

अंत्रुजवासी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, देव बरें करूं. अडॅप्टरचा विचार मी सोडून दिला आहे. पक्षी मी वर्षाचे दोन-तीनच महिने टिपतो, नाटके मात्र जवळजवळ सर्व जत्रांना असतात. त्यामुळे उजेडाच्या दृष्टीने मोठा सेन्सर आणि एफ/२ ची लेन्स, म्हणजे निकॉनचा संच, याकडे माझा कल झुकतो आहे.

मिररलेसचे शटर पूर्णपणे निःशब्द करता येते असे ऐकले, आणि नाटकासाठी मला ते फार मोलाचे वाटते. नटाने स्वर लावलेला असताना आरशाचा खटका वाजला की पहिल्या रांगेतील मंडळी मागे वळून पाहतात. निःशब्द शटर वापरण्यात काही तोटा आहे का? आणि दमटपणाबद्दल अद्याप कोणी काही लिहिलेले नाही.

तिसवाडी

तोटा आहे, आणि नेमका मांडवातच आहे. निःशब्द शटरमध्ये पडदा हलत नाही, तर सेन्सरवरील चित्र वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचले जाते आणि या वाचनाला थोडा वेळ लागतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे व ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतात. वाचन चालू असतानाच उजेड कमी-जास्त झाला की छायाचित्रावर आडवे काळपट पट्टे उमटतात. हलता हात किंवा नाचणारे पाऊल तिरके येते ते वेगळेच.

साध्या दिव्यांखाली शटरवेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवल्यास पट्टे बहुधा नाहीसे होतात, कारण तेवढ्या वेळात दिव्याची लुकलुक पूर्ण आवर्तनांत मोजली जाते. रंगमंचावरचे ‘पार’ नावाचे रंगीत एलईडी झोतदिवे मात्र मंद करण्यासाठी स्वतःच्याच वेगाने लुकलुकतात आणि तिथे हा हिशेब लागू पडत नाही. माझी पद्धत अशी की पडदा उघडताच निःशब्द शटरने एक छायाचित्र घेऊन मोठे करून पाहावे, आणि पट्टे दिसले तर यांत्रिक शटरवर यावे. आरसा नसल्यामुळे तोही आवाज डी७२०० पेक्षा बराच सौम्य असतो. संवाद चालू असताना वाजवू नये आणि नांदी, गाण्याचा शेवट किंवा टाळ्या यांच्या आड वाजवावा, एवढे पथ्य पुरते.

दुसरा लाभ आवाजाइतकाच मोठा आहे. मांडवात काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रंगभूषा केलेला चेहरा असला, की डीएसएलआरचा मीटर सगळा अंधार उजळायला पाहतो आणि चेहरा जळतो. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये परिणाम आधीच दिसत असल्याने प्रकाश एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करण्याचा निर्णय बटण दाबण्यापूर्वी घेता येतो.

जुनी रीळ

दमटपणाच्या बाबतीत आरसा असणे-नसणे सारखेच आहे. जलरोधन पाण्याचे थेंब अडवते, दमट हवा अडवत नाही. पुढे सरकणारी प्रत्येक झूम लेन्स पिचकारीसारखी बाहेरची हवा आत ओढते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कॅमेरा कपाटात किंवा चामड्याच्या पेटीत बंद करून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घेऊन त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणे सर्वांत चांगले. ते नको असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढ्यावरही भागते. फक्त जेलचा रंग पालटला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. आपली जुनी ५० मिमी विकण्याआधी तिच्यात मागून विजेरीचा झोत टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती नव्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नये, हेही सांगून ठेवतो. बंद पिशवीतच वीस-तीस मिनिटे राहू द्यावा, नाहीतर भिंगावर आणि आतही दव धरते.

खंड्या

त्यात एक भर घालते. आरसा नसल्यामुळे लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. जत्रेच्या पेठेत किंवा रस्त्यावरच्या तांबड्या धुळीत लेन्स बदलण्याचे टाळावे, आणि बदलायचीच झाली तर कॅमेरा बंद करून, तोंड जमिनीकडे ठेवून बदलावी.

आणि खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पडताळून पाहा. डी७२०० मध्ये कार्डाच्या दोन खाचा आहेत आणि बहुधा आपण दुसरे कार्ड प्रत म्हणून वापरत असाल. झेड५० आणि ओएम-५ या दोन्हींत एकच खाच आहे. देवस्थान समिती किंवा नाट्यमंडळ आपल्याकडून छायाचित्रे मागत असेल, तर अंक संपला की कार्ड बदलावे आणि भरलेले कार्ड वेगळ्या खिशात ठेवावे.