स्नो डेला घरून शाळा: सर्व्हेत काय भरू?

चेस्टरकर
मंडळी, आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) पालकांना सर्व्हे पाठवलाय. बर्फामुळे शाळा बंद ठेवावी लागली तर पूर्ण सुट्टी हवी, की ‘फ्लेक्सिबल इन्स्ट्रक्शनल डे’, म्हणजे घरून अभ्यास? पेनसिल्व्हेनियात २०१९च्या कायद्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या शाळांना वर्षाला असे ५ दिवस घेता येतात. ते शाळेचेच दिवस धरतात, त्यामुळे जूनमध्ये भरून काढावे लागत नाहीत.

थोरला आठवीत. क्रोमबुक (लॅपटॉप) उघडतो, गणिताचा व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवतो आणि दहाच्या आत मोकळा. धाकटी दुसरीत. तिची शाळा म्हणजे मी. मागच्या हिवाळ्यात अशाच एका दिवशी तिला ‘बर्फाचं निरीक्षण करून पाच वाक्यं लिहा’ असा अभ्यास आला होता. बाईसाहेब खिडकीला नाक लावून शेजारची पोरं स्लेड ओढत टेकडीकडे निघालेली बघत होत्या (हेही निरीक्षणच म्हणा), आणि मी कानात हेडफोन घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये. पाचवं वाक्य होईस्तोवर जेवायची वेळ झाली. ही मुलगी आदल्या रात्री पायजमा उलटा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपते, सुट्टी मिळावी म्हणून! तिला उठवून क्रोमबुकसमोर बसवायचं माझ्या जिवावर येतं.

मग सरळ ‘सुट्टी’वर टिक का करत नाही? तर भारताची तिकिटं. शाळा सुटेल त्याच रात्रीचं विमान आहे. पुण्याच्या भावंडांच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे मुलांना एकत्र धुडगूस घालायला मिळणार जेमतेम तीन-चार दिवस. इथे दोन स्नो डे वाढले की तेही गेले. नवरा म्हणतो, शेवटचे दिवस बुडवू, नाहीतरी वर्गात सिनेमेच दाखवतात. खरंय, पण थोरल्याचा आठवीचा निरोपाचा कार्यक्रम नेमका शेवटच्या दिवशी.

तुमच्याकडे कसं करतात?

एडिसनकर
न्यू जर्सीत हा प्रश्नच येत नाही. आमच्या कायद्यात शाळा सलग तीनपेक्षा जास्त दिवस बंद राहिली, आणि तीही जाहीर झालेल्या आणीबाणीमुळे किंवा आरोग्य खात्याच्या आदेशामुळे, तरच घरून केलेली शाळा वर्षाला भरायच्या १८० दिवसांत धरतात. एका दिवसाच्या बर्फाला सुट्टीच. आमच्या डिस्ट्रिक्टच्या कॅलेंडरमध्ये दोन-तीन दिवस जादा धरलेले असतात. उरले तर मे अखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून परत देतात, कमी पडले तर आधी स्प्रिंग ब्रेक कापतात, मग जून. शाळाच मुळात जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते, त्यामुळे आमची पोरं भावंडांना गणवेशातच भेटतात.

क्वीन्सताई
चेस्टरकर, मी इथे न्यूयॉर्कच्या शाळेत पॅरा (वर्गात मुलांच्या मदतीला असणारी साहाय्यक) आहे, म्हणून वेगळी बाजू सांगते. १३ फेब्रुवारी २०२४ला न्यूयॉर्कने शाळेच्या इमारती बंद ठेवून सगळं ऑनलाइन केलं. सकाळी लाखो मुलं आणि शिक्षक एकदम लॉगिन करायला गेले आणि यंत्रणाच बसली. सेंट्रल पार्कात बर्फ पडला जेमतेम ३ इंच.

लॉगिन पुढच्या वेळी सुधारेलही. पण मी ज्या मुलासोबत बसते त्याला पडद्यासमोर दहा मिनिटं बसवणं हेच एक काम असतं, आणि त्याची आई त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी मुलं सांभाळायला गेलेली. घरात तीन भावंडं, टॅबलेट एक. हजेरीत मात्र तिघांची शाळा ‘झाली’.

शहराचीही अडचण आहे म्हणा. ईद, लूनर न्यू इयर आणि आता आपली दिवाळी, अशा सुट्ट्या वाढल्या. १८० दिवस बसवताना मोकळी जागा उरत नाही. दिवाळीची सुट्टी आपणच हौसेने मागितली, आता तक्रार कुणाकडे करायची!

डोंगरातला_बाबा
आमच्या वेस्ट व्हर्जिनियात, जेफरसन काउंटीच्या सुपरिंटेंडंटबाईंनी (तिथल्या शाळांच्या प्रमुख) डिसेंबर २०२०मध्ये, कोविडच्या ऑनलाइन शाळेच्या ऐन धबडग्यात, पहिल्या बर्फाला सगळंच बंद ठेवलं होतं. ऑनलाइनसुद्धा. पालकांना तसं कळवणारं त्यांचं पत्र तेव्हा देशभर फिरलं. माझं मत त्या बाईंना.

चेस्टरकर
ताई, हजेरीचं वाचून टिक कुठे करायची ते ठरलं. सुट्टी. खालच्या चौकोनात लिहिलंय: कॅलेंडरमध्ये जादा दिवस धरा, ते संपेपर्यंत पूर्ण सुट्टी द्या, आणि ते संपल्यावरच घरून अभ्यास. त्यातही दुसरीपर्यंतच्या मुलांना आधीच कागदावर काम द्या, लॉगिन नको. तिकिटं चार दिवस पुढे ढकलायला किती पडतात ते नवरा बघतोय.

एडिसनकर
चौकोनात तिकिटांचं लिहिलं नाहीत ना? आमच्याकडे बोर्डाच्या मीटिंगमध्ये एका देशी बाबाने माइकवर सांगितलं होतं. अर्धं सभागृह हसलं, उरलेलं अर्धं आपलंच होतं.